भागीरथेची सवत

अकोल्याच्या जुन्या शहरात किसनरावांचं दुकान म्हणजे एक शटर, एक शिलाई मशीन आणि बाकावर रचलेल्या ब्लाउजच्या घड्या. बासष्टी उलटली होती, पण कणा ताठ. शटर वर सरकवतानासुद्धा हा माणूस क्षणभर थांबे, जणू पडदा उघडतो आहे आणि पलीकडे कोणीतरी बसलेलं आहे. पलीकडे असायची ती समोरची भाजीवाली, आणि तिला याचं काही नव्हतं.

एके काळी मात्र पलीकडे गावंच्या गावं बसत. वऱ्हाडात तेव्हा खडी गंमत, म्हणजे तमाशाचीच वऱ्हाडी बहीण, जोरात होती. उघड्या मैदानात गॅसबत्तीखाली ती व्हायची. बाई फडात उभी राहत नसे, पुरुषच लुगडं नेसून नाचायचा आणि त्याला नाच्या म्हणत. किसनराव हे नाच्याचं नाव नव्हे. फडात ते भागीरथा होते. ज्यांनी भागीरथेचा प्रवेश पाहिला त्यांतले आता थोडेच उरलेत, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांच्याबद्दल खरोखर हळहळ वाटते.

महादेवरावांची ढोलकी आधी बोलायची. मग अंजिरी लुगडं, नाकात नथ आणि पाठ लोकांकडे. पाठ दिसली रे दिसली की मैदानातून आरोळी उठे, ‘आला रे आला, छक्का आला!’ भागीरथा जागची हलत नसे. आरोळी कधी मध्येच तोडायची नाही, तिला दमून खाली बसू द्यायचं, हे तिचं शास्त्र. सगळं शांत झालं की ती फक्त मान वळवायची.

“आला नाई बावा, आली! अन् एकटी नाई आली. माह्यी सवत इथंच बसून हाय तुमच्यात!”

मग पदर खोचून ती पहिल्या रांगेपुढून चालत जायची. “तू काय वं? का तू?” करत एकाएका चेहऱ्यावर वाकायची, आणि एका माणसापुढे थांबून बोट दाखवायची. “ही पाय माह्यी सवत!”

गाव कोसळायचं हसून. ज्याच्यावर बोट आलं त्याने उठायचं, लाजत हातातला विडा तिला द्यायचा, तिने त्याची कडाकडा दृष्ट काढायची, आणि मग गंमत सुरू. याला ‘सवत काढणं’ म्हणत. शिवी यायची भागीरथेवर, आणि ती तिला हाताला धरून बसवायची भलत्याच कोणाच्या मांडीवर. “लोकं तो शब्द मले मारत,” किसनराव पुढे सांगत, “म्या त्याले घरात पानी भराले लावलं.” यातला अभिमान खोटा नव्हता.

घरी सुंदराबाई होत्या, दोन मुली होत्या, आणि लुगड्याच्या निऱ्या सुंदराबाईच चापूनचोपून घालून द्यायच्या. वर्षाचे आठ महिने किसनराव महादेवरावांबरोबर असत, आधी एका बैलगाडीत, मग एका टेंपोत, आणि नेहमी एका घोंगडीत. याला काय म्हणतात हे त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि सुंदराबाईंनी त्यांना विचारलं नाही. महादेवराव गेले तेव्हा तेरवीचा स्वयंपाक मात्र सुंदराबाईंनीच केला.

दोन हजार सालानंतर गंमत आटली. कपाशीने गावांचं काय केलं ते पेपरात येत होतं, फडवाल्यांना ते निरोपांतून कळायचं. फड ठरायचा आणि सकाळी माणूस यायचा, गावात एकाने औषध घेतलं, येऊ नका. एका हंगामात असे पाच निरोप आले. सहाव्या गावात फड उभा राहिला, पण त्या दिवशी लोक हसायला आलेच नव्हते. “गाव मरून राहिलं अन् हे छक्के नाचून राहिले,” असं कोणीतरी ओरडलं आणि ढेकळं सुरू झाली. एक भागीरथेच्या भुवईवर बसलं. किसनरावांनी त्या महिन्यात मिशी वाढवली आणि मशीन घेतली.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात नागसेन त्यांच्या दुकानात आला. अमरावतीचा पोरगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, समाजकार्य शिकलेला. तिकडच्या एका संस्थेत काम करायचा. आपल्यासारख्या मुलांना गोळा करणं, दवाखान्यात नेणं, पोलिसांतून सोडवणं हे त्याचं काम. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं गुन्हा नाही, असा दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आदल्या वर्षी लागला होता आणि या पोरांच्या अंगात वारं आलं होतं.

“काका, अमरावतीत हॉल घेऊन राहिलो आम्ही. गंमत करायची. तुमची एन्ट्री जशीच्या तशी.”

“आता कोन पायते बाप्पा?”

“आपलीच माणसं. आणि नाव ठेवलं आहे, ‘छक्क्यांची गंमत’.”

“बोर्डावर लिहिशीन हे?”

“मोठ्या अक्षरांत. शब्द त्यांच्या हातातून काढून घ्यायचा काका. तुम्ही तेच करत होते ना? आमच्या आधी चाळीस वर्षं.”

आपण चाळीस वर्षं केलं त्याला कोणी काही अर्थ दिला, असं किसनरावांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पोरगा बसमध्ये चढेपर्यंत ते गंभीर राहिले. घरी जाऊन त्यांनी सात वर्षांची मिशी उतरवली.

“झालं,” सुंदराबाई म्हणाल्या. “आली ते परत.”

एकदा, फक्त एकदा, लोकांपुढे पाठ करून उभं राहायचं आणि मान वळवून ती ओळ म्हणायची. बाकी त्यांना काही नको होतं. दर रविवारी ते एसटीने अमरावतीला जाऊ लागले. संस्थेच्या दोन खोल्यांत पोरं गादी गुंडाळून जागा करत. जिन्याशी कार्यक्रमाचा बोर्ड रंगवून ठेवला होता. नागसेनची थोरली बहीण ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती सुटीच्या दिवशी भाकरी घेऊन यायची आणि कपड्यांना टाके घालत बसायची.

तिसऱ्या रविवारी गुलफाम गुरू आल्या.

अमरावतीच्या तृतीयपंथीयांत गुलफाम गुरूंचा शब्द खाली पडत नसे. वय पन्नाशीच्या आसपास, पांढऱ्या केसांची वेणी, ओठांवर पानाचा लाल. बरोबर चेली इफ्फत. जिन्यातच टाळी वाजली आणि पोरं भिंतीला लागली.

“कोन हाय डायरेक्टर?”

“मी, गुरू. बसा ना, चहा सांगतो.”

“चाय बाद में. पैले तो बोर्ड उतार. माह्यं नाव लिहिलं त्यावर, मले इचारलं?”

“गुरू, ते आपल्या सगळ्यांचं...”

“सगळ्याइचं?” गुलफामने त्याच्या पँटपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. “दुकानापुढे हात पसरते तवा हे कोनाले म्हनते? रेल्वेच्या डब्यात कोनाले म्हनते? तुले? तू तं कॉलेजात शिकला, साहेब लोकाइच्या मीटिंगा करतं. तुले लपून तं राहाता येते. आमाले लपाले जागाच नाई.”

नागसेनचा आवाज चढला. “मला सातवीपासून हेच म्हणत होते, गुरू. शर्टाच्या पाठीवर खडूने लिहायचे.”

“खडूनं ना? घरी जाऊन पुसलं ना?”

पोरगा लाल झाला. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, “तुम्ही टाळी वाजवली तर हक्क, आम्ही बोललो तर चोरी. हे काय आहे?”

“हे इज्जत हाय,” इफ्फत म्हणाली. “महिनाभर साडीत राय बाजारात, मंग बोल.”

“साडी नेसली की मोठं होते काय?”

“नेसून पाय. मंग समजते किती लहान होते ते.”

ज्योत्स्नाने सुई कापडात टोचून ठेवली. “मी बोलू काय? आमच्या आज्याले गावात एका नावानं हाक मारत. छप्पन साली तो नागपूरले गेला, अन् वापस आल्यावर त्या हाकेले त्यानं कधी ओ नाही देली. मार खाल्ला, पण ओ नाही देली. त्यानं ते नाव धुऊन-पुसून दारावर नाही लावलं नागसेन, टाकून देलं. अन् तू त्याचा नातू.”

“ताई, आज्याजवळ दुसरं नाव होतं. त्याला हातात दिलं होतं कोणीतरी, चांगलं, मोठं. आमच्याजवळ काय आहे? संस्थेच्या रजिस्टरात माझ्यासाठी तीन इंग्रजी अक्षरं आहेत. त्या तीन अक्षरांत मी कोणाशी प्रेम करू?”

ज्योत्स्नाने परत सुई उचलली, पण टाका घातला नाही.

किसनराव इतका वेळ आतल्या दारात अर्धं लुगडं नेसून उभे होते. फडात भांडण पेटलं की मध्ये पडून ते हशावर न्यायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. निऱ्या सावरत ते पुढे आले.

“गुरूमाय, भांडू नका. पोट्टे हायेत हे. तो शब्द सगळ्याइत जास्त कोनी खाल्ला असंन तं म्या. चाळीस वर्षं. इचारा कोन्याही गावाले, भागीरथा कोन होती.”

गुलफामने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तू भागीरथा?”

“वयखलं काय!” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

“तू सवत काढत होता ना? काढून दाखव.”

इतकं पुरे होतं. ढोलकीवाल्या पोराला खूण झाली. किसनरावांनी पाठ फिरवली आणि त्या कोंदट खोलीत खरंच भागीरथा उभी राहिली. पोरांनी ठरल्याप्रमाणे आरोळी दिली. ती थांबली, तिने आरोळी संपू दिली, मान वळवली, ओळ म्हटली. पदर खोचून रांगेपुढून निघाली. “तू काय वं? का तू?” पाय जुन्या सवयीने गेले, बोट जुन्या सवयीने उठलं, आणि ते थांबलं गुलफामच्या पुढ्यात.

“ही पाय माह्यी सवत!”

पोरांनी टाळ्या पिटल्या. गुलफाम हसली नाही. विडा द्यायला तिचा हात उठला नाही.

“हे दुसऱ्यांदा,” ती म्हणाली.

“काय?”

“हे तू दुसऱ्यांदा केलं. पैले बोरखेडीत केलं होतं, परतवाड्याच्या तिकडे. एकोनऐंशीचा साल. मनियाराचा पोरगा, परवेज. अठरा वर्षाचा. माह्या अम्मीसंगं बांगड्याइची पेटी घेऊन बसलो होतो पैल्या रांगेत, कारन का तुले जवळून पाहाचं होतं मले. तुले! म्या मनात म्हनलं होतं, हे पाय, असं भी राहाता येते.” तिचा आवाज चढलाच नाही. “अन् तू बोट दाखवलं. बाकीच्याइजवळ विडे होते. माह्याजवळ काहीच नव्हतं. मी उभा राह्यलो. तुही ढोलकी वाजतच राह्यली.”

ढोलकीवाल्या पोराने ढोलकी बाजूला ठेवली.

“दुसऱ्या दिवसापासून माह्यं नाव परवेज नाई राह्यलं. लहान लेकरं भी म्हनत, भागीरथेची सवत चालली. तीन महिने म्हनले. चौथ्या महिन्यात मी घर सोडलं.”

किसनराव घाबरले, आणि घाबरलेला नट करतो तेच त्यांनी केलं. डोळ्यांत पाणी आणलं, हात जोडले.

“आठवते. आठवते ना माय. अजून डोयापुढे हाय.”

“हाय ना? मंग काय घातलं होतं म्या?”

किसनरावांनी अर्धा क्षण घेतला. “पांढरा सदरा. अन् डोक्यावर टोपी.”

गुलफाम इफ्फतकडे वळली. “पाय. नाटक.” मग पुन्हा त्यांच्याकडे. “तुले काहीच आठवत नाई. एकतीस वर्षं मी समजून होती का ही गोष्ट दुनियेत दोघाइले ठाऊक हाय. मी एकटीच निघाली.”

ती उठली. दारात थांबून नागसेनला म्हणाली, “बोर्ड राहू दे तुहा. तुमाले देते मी शब्द. खडूनं का होईना, खाल्ला हाय तुमी. वापरा. पन याच्या तोंडून नाई. यानं खाल्ला कमी, वाढला जास्त.”

ती गेल्यावर बैठक झाली आणि बैठकीत कोणी कोणाला सोडलं नाही. एक जण म्हणाला, काकांना काढा. दुसरा म्हणाला, मग कार्यक्रमात उरलं काय, तुझं भाषण? तिसऱ्याने विचारलं, काका आपल्यातले आहेत तरी का, घरी बायको आहे, नातवंडं आहेत. यावर नागसेन त्याच्या अंगावरच गेला. “तुला कोणी नेमलं दारात, चिठ्ठ्या तपासायला?” शेवटी हात वर झाले. अकरा विरुद्ध चार. काका राहतील, ओळही राहील, सवतही निघेल. ज्योत्स्नाने डबा आवरला आणि ती जिना उतरून गेली.

किसनराव जिंकले होते. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ते बसले तेव्हा मात्र त्यांना न्हावी आठवू लागले.

बोरखेडी खरंच आठवत नव्हती. न्हावी आठवत होते. सुरुवातीच्या वर्षांत भागीरथा सवत काढायची ती गावच्या पैलवानाला, नाहीतर झुपकेदार मिशांच्या पोलीस पाटलाच्या मेव्हण्याला. गाव हसायचं, तोही हसायचा. मग एका गावी दाढी करताना न्हावी कानाशी लागला, त्याले काहाले, तो अमका हाय ना, बायकी चालीचा, त्याले काढ, मंग पाय. तिने काढलं, आणि तसा हशा तिने कधी ऐकला नव्हता. मैदान उठून उभं राहिलं. त्या दिवशी फड सुटल्यावर भागीरथेच्या पदराला कोणी हात घातला नाही, झुडपाआड कोणी वाट पाहत थांबलं नाही. गावाला खेळायला त्यांचं स्वतःचं माणूस मिळालं होतं. तेव्हापासून गावात गाडी थांबली की किसनराव आधी न्हाव्याकडे जाऊन बसत. धंद्यातली खुबी म्हणून त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती. महादेवरावांना तेवढी ठाऊक होती, आणि महादेवराव अशा रात्री ढोलकी जरा जास्तच जोरात वाजवत.

किती गावं झाली असतील, ते मोजायला लागले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मोजणं सोडलं.

घरी त्यांनी सुंदराबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“मले काय सांगता?” त्या म्हणाल्या. “तुमीच तं घरी येऊन सांगत होते, आज कोनाची सवत काढली ते. नक्कल करत होते त्या पोट्ट्याइची, कसा उठला, कसा पळाला.”

“अन् तू?”

“मी हसत होती. मले वाटे, तुमाले दगड नाई पडला ना आज, बस.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “आपन दोघंही हसलो. आता एकटेच रडाले नका बसू, जेवा.”

गुरुवारी दुकान बंद ठेवून किसनराव पुन्हा अमरावतीला गेले आणि विचारत विचारत गुलफामच्या दारी पोचले. इफ्फतने दार अर्धंच उघडलं.

“काहून आले?”

“गुरूले भेटाचं हाय.”

“येऊ दे,” आतून आवाज आला. “पानी नको देऊ.”

गुलफाम खाटेवर सुपारी कातरत बसली होती. किसनराव खाली फरशीवर बसले.

“माफी मांगाले आलो.”

“कोनाची? परवेजची? तो नाई आता. माह्या अम्मीची? ते भी गेली. मी निघून गेली अन् गावानं तिले धरलं. सवतीची माय म्हनत. बांगड्या भराले कोनी दारात उभं करे नाई. तिची मांग माफी, कबर दाखवते तुले.” अडकित्ता कटकट चालू होता. “अन् बाकीच्याइची? का मी एकटीच होती?”

“नाई,” किसनराव म्हणाले. हे एक उत्तर मात्र त्यांनी अर्धाही क्षण न घेता दिलं.

अडकित्ता थांबला. “मले वाटलंच.”

“मी कार्यक्रम सोडून देतो.”

“वा! म्हंजे पोट्टे मले शिव्या देतीन का गुलफामनं बुढ्याले काढलं. सोडू नको. उभा राय. तुले लय हौस हाय ना उभं राहाची?”

“मंग त्याइनं आरोळी देली का म्या काय म्हनाचं?”

“म्या काय म्हनलं होतं?”

किसनरावांना ते ठाऊक नव्हतं.

“काहीच नाई म्हनलं,” गुलफाम म्हणाली. “उभी राह्यली. गप. मले कोनी ओळ लिहून देली नव्हती. तू तसा राय.”

“किती वेळ?”

“तुह्या हातात हाय काय ते? लोकाइच्या हातात रायते. जा आता.”

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. भाड्याचा हॉल, दाराशी मोठ्या अक्षरांत बोर्ड. समोर पाच-सहा तरुण मोटारसायकलींवर बसून बोर्ड मोठ्याने वाचत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चालीची नक्कल करत होते. तरी हॉल भरला. संस्थेची माणसं नागपूरहून आली होती, कॉलेजातली मुलं होती, दोन बातमीदार होते, आणि मागच्या रांगांत नुसतं बघायला आलेले बरेच होते. किसनरावांनी पडद्याच्या फटीतून सगळ्या खुर्च्या न्याहाळल्या. गुलफाम नव्हती. इफ्फतही नव्हती.

नागसेनने आधी लहानसं भाषण केलं. मग दिवे गेले, ढोलकी बोलली, आणि अंजिरी लुगड्यातली पाठ उजेडात आली. वय त्या पाठीत कुठेच नव्हतं. नागसेनची मुलं रांगारांगांत पेरलेली होती, त्यांनी सूर लावला.

“आला रे आला, छक्का आला!”

त्यात माया होती. किसनरावांना ती पाठीवर कळली. आरोळी ओसरली. मान वळवायची वेळ झाली, आणि मान न वळवता तो माणूस सगळाच वळला. दोन्ही हात खाली सोडून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

ढोलकीवाल्या पोराने आवर्तन संपवलं आणि तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं. त्याने परत सुरू केलं. नागसेनच्या पोरांना वाटलं, काकांना जोर हवा आहे. त्यांनी पुन्हा आरोळी दिली. या वेळी मागच्या रांगांनी ती उचलली, शिट्टीसकट, आणि त्यात माया नव्हती. मंचावरून दोन्ही सारख्याच ऐकू येत होत्या.

“काका,” विंगेतून नागसेन कुजबुजला. “आला नाई बावा...”

ओळ दातांपर्यंत आलीच होती. चाळीस वर्षांची सवय, ती जिभेला ढकलत होती. एक ओळ म्हटली असती तर हा सगळा हॉल त्यांच्या मुठीत आला असता हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ओठ इतके घट्ट दाबले की लाली दातांना लागली.

“काका! आला नाई बावा, आली!”

“अबे, बुढी उभ्या उभ्या मेली काय?” मागून कोणीतरी. हशा. मग कागदी कप आला आणि पायाशी पडला. दुसरा लुगड्याला लागला, थोडा चहा होता त्यात. तिसऱ्यांदा आरोळी उठली ती ठरवलेली नव्हती, आणि आता पेरलेली मुलंच उठून मागच्यांना गप्प करायला बघत होती. कोणी कोणाची कॉलर धरली. पहिल्या रांगेतल्या नागपूरच्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. किसनराव कोणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हते. पहिल्या रांगेपुढे उभं राहून त्या रांगेकडे न बघणं त्यांना जन्मात पहिल्यांदा करावं लागत होतं. लाज वाटते म्हणजे नेमकं कुठे वाटते, तर मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी, हे त्यांना कळलं.

नागसेनने पडदा पाडला.

आत आल्यावर तो रडत होता. “बुडवलं काका तुम्ही आम्हाला. महिनाभर खपलो. एक ओळ होती! एक!”

“हो बाप्पा. बुडवलं.”

“विसरलात?”

“पाठ हाय मले.”

“मग?”

किसनराव नथ काढत होते, ती केसात अडकली होती. “ते म्याच लोकाइले शिकवलं होतं रे कसं म्हनाचं ते. आता मले म्हनता नाई येत.”

“त्या गुलफामच्या नादी लागून! तिला तर तुम्ही पडायलाच हवे होते!”

“हो,” किसनराव म्हणाले. “तिले तेच पाहिजे होतं.”

पोराने दार आपटलं. बाकीची मुलं लुगड्यातल्या म्हाताऱ्याला वळसा घालून सामान उचलत राहिली. अकरा हातांतला एकही त्या संध्याकाळी त्यांची पेटी उचलायला आला नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. वयोमानामुळे ज्येष्ठ लोककलावंत संवाद विसरले, प्रेक्षकांत बाचाबाची, कार्यक्रम अर्ध्यावर. भाजीवालीने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, “या वयात होते तसं.” किसनराव म्हणाले, “होते.”

दुपारी फोन वाजला. इफ्फत होती. रविवारी गुरू परतवाड्याले बधाईले गेल्या होत्या, म्हणाली, तिकडे नातू झाला एका घरी. आज पेपर वाचवून घेतला त्याइनं.

“गुरू इचारून राह्यल्या, खरंच इसरले का उभे राह्यले?”

“उभा राह्यलो.”

पलीकडे थोडं बोलणं झालं. मग इफ्फत पुन्हा आली.

“गुरू म्हनते, तुमच्याजवळ तं परदा पाडाले कोनी होतं ना?”

“होतं,” किसनराव म्हणाले.

फोन कट झाला.